जुनी पोर्शे बॉक्स्टर घ्यायची आहे, कोणत्या सालची घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला न्यू जर्सीत, बजेट पंधरा ते पंचवीस हजार डॉलर, मॅन्युअल गिअरची बॉक्स्टर (पोर्शेची टप उघडणारी दोन सीटची गाडी) हवी, पण 1997 पासून 2012 पर्यंतच्या जाहिराती बघून डोकं गरगरायला लागलंय. शिवाय पुढे पुण्याला परतलात तर गाडी सोबत नेता येईल का, हेही विचारलंय.

बजेट ताणून जमत असेल तर 2009 किंवा त्यानंतरची घ्या, आणि तीही एस (म्हणजे जास्त ताकदीची) नको, साधी 2.9 लिटरची. नसेल जमत तर 2003 किंवा 2004 ची, पण इंजिनातलं एक बदनाम बेअरिंग बदलल्याचं बिल हातात पडलं तरच. माझ्याकडे 2003 चीच आहे, त्यामुळे माझं माप थोडं तिकडे झुकणार, हे धरून चाला.

हे बेअरिंगचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय सालांचा घोळ सुटत नाही. 2008 पर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या खाली आणखी एक शाफ्ट असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. व्हॉल्व्हची उघडझाप करणारे कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेन त्याच्यावरून चालतात. त्याचं गिअरबॉक्सकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर टेकलेलं असतं, त्यालाच सगळे आयएमएस बेअरिंग म्हणतात. वर्षं सरली की सील कडक होतं आणि आतलं ग्रीस धुऊन जातं. त्याच्या जागी ताजं ऑइल मात्र हवं तेवढं पोचत नाही. एक दिवस बेअरिंग जातं, शाफ्ट डगमगतो, टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन बसतं. आधी आवाज येईलच याची खात्री नाही. दुसरं इंजिन टाकायचं म्हटलं तर खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

आता सालं. 1997 ते 1999 च्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगा असलेलं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकतं. 2000 आणि 2001 मध्ये सरमिसळ आहे. कुठल्या गाडीत काय बसलंय हे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. त्यानंतर 2005 पर्यंत एकाच रांगेचं, आणि बदनाम झालं ते हेच. यावरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला होता, 2013 मध्ये तडजोडीने मिटला. 2006 ते 2008 मध्ये बेअरिंग मोठं केलं. ते क्वचित जातं, पण बदलायचं म्हटलं तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. 2009 ला इंजिनच नवं आलं आणि तो शाफ्टच उरला नाही. बॉक्स्टरच्या सालांत खरी भिंत आहे ती इथे. बाकीचे फरक दिव्यांचे आणि डॅशबोर्डचे.

मग दोन रांगांवाली 1998 ची का नको? इंजिन 2.5 लिटरचं, 201 हॉर्सपॉवर. त्यात सिलिंडरचे लायनर (आतली नळकांडी) सरकल्याच्या केसेस आहेत, मागची काच प्लास्टिकची (पिवळी पडते, दुमडीवर तडकते), आणि इतक्या जुन्या गाडीचं एकूण एक रबर बदलायला आलेलं असतं. 2003 ला खरी काच आली, डिफॉगरसकट. ग्लव्ह बॉक्सही तेव्हाच आला. त्याआधी पोर्शेवाल्यांना बहुतेक वाटत असावं की गाडीचे कागद मालक खिशात घेऊन फिरतो.

2007-08 ची एस दिसायला झकास, 3.4 लिटर, 295 हॉर्सपॉवर. पण त्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर चरे पडण्याची तक्रार आहे, आणि थंड प्रदेशातल्या गाड्यांत ती जास्त ऐकू येते. आपल्याकडचा जानेवारी तुम्ही बघितलाच आहे. घ्यायचीच असेल तर सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 2009 नंतरची एस मी का टाळते? तिच्यात डायरेक्ट इंजेक्शन आहे (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं), म्हणजे हाय प्रेशर पंप आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन ही जास्तीची कटकट. साध्या 2.9 ला 255 हॉर्सपॉवर आणि जुन्या पद्धतीचं इंजेक्शन. तुमच्या बजेटात ती जास्त मैल चाललेलीच मिळेल, मिळू दे.

2003-04 ची बघायला गेलात तर आधी बिल मागा. “आयएमएस डन” असं जाहिरातीत कुणीही लिहितं. बिलावर तारीख, त्या दिवशीचे मैल, कुठला पार्ट टाकला, हे असायला हवं, आणि त्याच बिलात क्लच आणि रिअर मेन सीलही (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) दिसायला हवं, कारण तिन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. समजदार मालक तिन्ही कामं एकदम करून घेतो. नुसतं बॉल बेअरिंग बदललं असेल तर त्यालाही मुदत असते, तेव्हा बिलाची तारीख बघा. ऑइलच्या दाबावर चालणारं, बिनगोळ्यांचं प्लेन बेअरिंग बसवलं असेल तर तो विषय कायमचा संपला.

बिल नसेल आणि तरी गाडी मनात भरली असेल, तर तपासणीच्या वेळी ऑइल फिल्टर काढायला लावा. त्यातल्या कागदाच्या घड्या उलगडून टॉर्चखाली बघायच्या. प्लास्टिकचे एकदोन काळपट कण चेनच्या गाइडचे असतात, त्याने घाबरू नका. चकचकीत चुरा दिसला आणि तो चुंबकाला चिकटला, तर नमस्कार करून निघा. त्याच मेकॅनिककडून इंजिनच्या कॉम्प्युटरमधली ओव्हर-रेव्हची (इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची) नोंदही काढून घ्या. पाचव्यातून चुकून दुसऱ्यात टाकणाऱ्याचा प्रताप तिथे लिहून राहिलेला असतो.

आणि ड्रायव्हर सीटखालच्या कार्पेटमध्ये हात घाला. टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी तिथेच साचतं, आणि अलार्म-इमोबिलायझरचा डबा नेमका तिथेच बसवलाय. ओल लागली तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

जाहिरातीतल्या सालावर विसंबू नका, व्हीआयएनचं (गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकाचं) दहावं अक्षर बघा: 3 म्हणजे 2003, 9 म्हणजे 2009, ए म्हणजे 2010. इंजिन मध्ये बदललं असेल तर त्याचं बिल वेगळं मागा, कारण मग वरचा सगळा हिशोब गाडीच्या नव्हे, त्या इंजिनाच्या सालाने लागू होतो. खरेदी डिसेंबर-जानेवारीत करा, टप उघडणाऱ्या गाड्यांना तेव्हा कुणी विचारत नाही.

पुण्याचं म्हणाल, तर नाही. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात करू देत नाहीत, आणि डाव्या स्टीअरिंगची तर नाहीच. निघायच्या आधीच्या एप्रिल-मे मध्ये विकून टाका, तेव्हा भाव चांगला येतो.