एमीच्या यादीत चांगली नावे नसतात, तेव्हा चिडावे की सोडून द्यावे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कारांची नामांकने जाहीर झाली की ज्यांची सगळे वाट पाहत असतात ती नावे गायब आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेली नावे हजर, असे का होते; आणि अशा वेळी प्रेक्षकाने चिडावे की सोडून द्यावे. मी मालिकांचे संकलन करते, आणि एका नामांकन यादीत माझे नाव नव्हते म्हणून ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले त्या माणसाशी दोन वर्षे बोलले नव्हते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी मला जरा अधिकच सांगायचे आहे.

ती यादी एमीची नव्हती, एका लहान पुरस्काराची होती. आमच्या मालिकेला दिग्दर्शन, संगीत आणि अभिनय अशी नामांकने मिळाली आणि संकलनाच्या पाच नावांत माझे नाव नव्हते. त्या मालिकेच्या चौतिसाव्या भागात दोन बहिणी वडिलांचे घर विकण्याच्या कागदांवर सह्या करतात असा प्रसंग होता. मोठी सतत बोलते आणि धाकटी फक्त ऐकते. चित्रीकरण मोठीला धरून झाले होते, पण मी तिचे जवळजवळ सगळे संवाद धाकटीच्या चेहऱ्यावर ठेवले आणि मोठीचे दर्शन एकदाच घडवले, पेन उमटत नाही म्हणून ती ते दोनदा झटकते तेव्हा. त्या झटकण्यानंतर किती शांतता ठेवायची यावर दिग्दर्शकाशी माझा दीड दिवस वाद झाला, आणि शेवटी मला हव्या होत्या त्याहून चौदा फ्रेम, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, कमी ठेवून आम्ही तडजोड केली. आजही तो प्रसंग पाहताना त्या चौदा फ्रेम मला खुपतात. तरीही ते माझे त्या वर्षातले सर्वांत चांगले काम होते, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती आणि आजही नाही.

निवड समितीत माझे गुरू होते. त्यांना संकलन कळत नाही असे म्हणणे शक्य नव्हते, त्यामुळे त्यांनी मला जाणूनबुजून डावलले, एवढाच निष्कर्ष माझ्याकडे उरला. मी सोहळ्याला गेले नाही आणि त्यानंतर त्यांचे फोन उचलले नाहीत. आमचा दिग्दर्शक या काळात माझा फार मोठा आधार होता, कारण परीक्षक विकलेले असतात हे त्याचे मत आधीपासूनच तयार होते आणि माझ्या रूपाने त्याला पुरावा मिळाला होता.

दोन वर्षांनी मलाच त्या समितीवर बोलावले. पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की परीक्षकासमोर मालिका येत नाही, प्रवेशिकेसोबत पाठवलेला एक भाग येतो, आणि त्याच्या आधीचे किंवा पुढचे काही पाहण्याची सोय नसते, वेळही नसतो. मी घरी येऊन आमच्या निर्मिती विभागाकडून जुनी प्रवेशिका मागवली. त्यात भाग क्रमांकाच्या रकान्यात ‘१’ लिहिले होते. सर्वांत जास्त खर्च पहिल्या भागावर झाला होता म्हणून तोच सगळ्या विभागांत पाठवून दिला होता. तोही मीच कापला होता, पण वाहिनीच्या सूचनांबरहुकूम तो तीनदा उसवून पुन्हा शिवला होता आणि त्यात एकही दृश्य श्वास घेत नव्हते. मी त्याच रात्री सरांना फोन केला. ते म्हणाले, “त्या भागात मी तुला शोधत होतो, पण तू त्यात नव्हतीसच. मला वाटले, रोजच्या घाईपुढे तूही हात टेकलेस.” चौतिसावा भाग त्यांनी पाहिलाच नव्हता. दोन वर्षे मी ज्या अन्यायावर जगले, तो एका रकान्यातल्या आकड्याने केला होता.

आता एमीकडे येते. तेथेही ज्याची प्रवेशिका गेली नाही त्याचा विचार होत नाही, मग काम कितीही थोर असो. २०१९ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या वाहिनीने ग्वेंडोलिन क्रिस्टी, आल्फी ॲलन आणि कॅरिस व्हान हाउटन या कलाकारांची नावे पाठवलीच नव्हती. तिघांनी आपापली प्रवेशिका स्वतः दाखल केली. क्रिस्टीने त्यासाठी २२५ डॉलर शुल्क भरल्याचे तेव्हा सर्वत्र छापून आले होते. तिघांनाही नामांकन मिळाले. पुरस्कार कुणालाच मिळाला नाही, पण तो वेगळा मुद्दा आहे. आमच्या दिग्दर्शकाला मी हे उदाहरण सांगितले, तेव्हा स्वतःचे नाव स्वतः पाठवणे हा हावरेपणा आहे आणि काम स्वतःच बोलते, असे त्याने मला सुनावले. काम बोलत नाही. जो भाग तुम्ही पाठवता तो बोलतो.

धक्कादायक नावांचे कारण याहून साधे आहे. नामांकनासाठी अभिनेते अभिनेत्यांना मते देतात, संकलक संकलकांना देतात आणि मालिकेच्या मुख्य विभागात सगळे सदस्य मत देतात. एमी देणाऱ्या अकादमीचे सदस्य वीस हजारांहून अधिक आहेत आणि वर्षभरात येणारे सगळे पाहणे त्यांच्यापैकी एकालाही शक्य नाही. जे पाहिलेले नसते तिथे ओळखीच्या नावापुढे खूण होते. २००६ साली एलन बर्स्टिन यांना एका दूरचित्रवाणी चित्रपटासाठी सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, त्यात त्या जेमतेम १४ सेकंद दिसतात. लोकांनी भूमिकेला नव्हे तर नावाला मत दिले होते, हे उघड आहे. त्यानंतर सहायक कलाकार एकूण लांबीच्या किमान ५ टक्के वेळ पडद्यावर असला पाहिजे, असा नियम करावा लागला. बर्स्टिन थोर अभिनेत्री आहेत, त्यांची त्यात काहीच चूक नव्हती.

विभागांचा घोळही असतो. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ ही मालिका २०१४ साली विनोदी गटात होती आणि २०१५ साली नाट्य गटात गेली. उझो अडूबा हिला एकाच भूमिकेसाठी दोन्ही गटांत पुरस्कार मिळाले. ‘द बेअर’ पाहताना मला हसू कमी आणि छातीत धडधड जास्त होते, पण २०२४ साली विनोदी गटात तिला २३ नामांकने होती. ती जागा अडवून बसते, तेव्हा खरोखर हसवणारे कुणीतरी बाहेर राहते. मला हे साफ चुकीचे वाटते.

मात्र माझ्या अनुभवावरून सगळ्याच वगळण्यांचा दोष प्रवेशिकेवर टाकाल तर तेही खरे नाही. ‘द वायर’ २००२ ते २००८ अशी पाच सत्रे चालली आणि तिला एकूण दोन नामांकने मिळाली, दोन्ही लेखनाची. ‘बेटर कॉल सॉल’ला पहिल्या सत्रापासून नामांकने मिळत होती, पण त्यातल्या रे सीहॉर्न या अभिनेत्रीला नामांकन मिळायला २०२२ साल, म्हणजे शेवटचे सत्र, उजाडावे लागले. तिथे काम समोर होते, लोकांनी पाहिले होते, आणि तरीही मत पडले नाही. अशा वेळी चिडा, अवश्य चिडा. पण आधी एक तपासा: एमीच्या कलाकारांची मतपत्रिका नामांकनाआधी अकादमीच्या संकेतस्थळावर उघड असते. तुमच्या आवडत्या अभिनेत्रीचे नाव तिच्यात आहे का आणि कोणत्या गटात आहे, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. परीक्षकांना शिव्या घालणाऱ्यांपैकी फारच थोडे जण ती उघडत असावेत. आमचा दिग्दर्शक उघडत नाही.

सर आता माझ्याशी बोलतात. या वर्षी प्रवेशिका मी स्वतः भरली आणि एकविसावा भाग पाठवला. दिग्दर्शकाने ते पाहून विचारले, “पहिला का नाही पाठवलास? त्यात खर्च दिसतो.”