हॉस्टेलमधलं रॅगिंग : तक्रार कुठे करायची, कशी करायची

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सीनियर रोज रात्री 'इंट्रो'साठी खोलीवर बोलावतात. मान खाली घालून उभं राहायचं, त्यांची जर्नल्स लिहून द्यायची. अजून कुणी हात उचललेला नाही. हे रॅगिंग म्हणायचं का?

उत्तर : हो. मार बसला तरच रॅगिंग, हा समज चुकीचा आहे आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं तर येतंच. पण एरवी तू स्वखुशीने केलं नसतंस असं काहीही करायला लावणं हेसुद्धा रॅगिंगच आहे. प्रकार कॉलेजच्या बाहेर, भाड्याच्या खोलीवर घडला तरी सुटका नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाला की कॉलेजमधून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९ चे नियम वेगळे आहेत आणि तेही लागू होतात. २०१६ मध्ये त्यांत जात, धर्म, रंगरूप, भाषा, प्रांत, आर्थिक परिस्थिती, लिंगओळख यांवरून होणारा छळ स्पष्टपणे घातला गेला. तेव्हा बोलण्याच्या ढबीवरून किंवा आडनावावरून रोज चाललेली 'गंमत'सुद्धा सहन करत बसू नकोस.

प्रश्न : तक्रार केली तर पुढची तीन वर्षं सीनियर जगू देणार नाहीत. नाव न देता काही करता येईल?

उत्तर : येईल. १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन चोवीस तास चालते. तिथे नाव सांगायची सक्ती नाही. मात्र निनावी तक्रारीत तपशील नेमका हवा : तारीख, वेळ, खोली किंवा मजला, कोण होते, काय करायला लावलं. 'आमच्या हॉस्टेलमध्ये रॅगिंग होतं' एवढ्यावर कुणालाही सटकता येतं. मेसेज, व्हॉइस नोट्स डिलीट करू नकोस. स्क्रीनशॉट काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेव. मारहाणीचा किंवा जिवाचा धोका वाटला तर थेट ११२.

प्रश्न : मुलगा रात्री फोनवर रडतो आणि 'कुणाला सांगू नकोस' म्हणतो. आम्ही दुसऱ्या गावात राहतो. काय करावं?

उत्तर : ताई, शक्य तितक्या लवकर त्याला भेटायला जा. 'आमच्या वेळी असं होतंच' किंवा 'थोडं सहन कर' हे शब्द तोंडून निघू देऊ नका. जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसं असेल तर त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

तक्रार तुम्ही स्वतः करू शकता, कायद्याने पालकांना तो अधिकार आहे. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक, तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. तोंडी तक्रार 'बघतो' या शब्दावर संपते. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते, नाही दिसलं तर तसं तुम्हाला लेखी कळवायचं असतं. टाळाटाळ करणाऱ्या प्राचार्यांवर चिथावणीचा ठपका येतो आणि शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच आहे. पोलीस ठाण्यात तुम्ही थेटही जाऊ शकता.

प्रश्न : मी रेक्टर आहे. हमीपत्रं भरून घेतली, फलक लावले. आणखी काय करू?

उत्तर : रात्री जेवणानंतर वेळ न ठरवता मजल्यांवर फिरा. नव्या मुलांची राहण्याची सोय वेगळी ठेवा. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला त्यांच्याकडून निनावी प्रश्नावली भरून घ्यायची, असं यूजीसीचे नियमच सांगतात. फार थोडी हॉस्टेल्स ते मनापासून करतात. आणि तक्रार करणाऱ्या मुलाला खोली बदलायला लावू नका. हलवायचं ते सीनियरला.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांनी ज्युनियर्सना नाचायला लावलं तेव्हा मी फक्त हसत उभा होतो. मीही दोषी का?

उत्तर : कायदा भाग घेणाऱ्याला आणि चिथावणी देणाऱ्यालाही धरतो, आणि त्या खोलीतलं तुझं हसणं ज्युनियर्सना तसंच वाटलं असणार. मित्र आज रात्री त्यांना पुन्हा बोलावणार असतील तर त्याआधी रेक्टरना जाऊन सांग.