कॅनडाची हवा का फिरली?

तुमचा प्रश्न: "कॅनडा तर बाहेरच्यांचं स्वागत करणारा देश. मग दोन-तीन वर्षांत तिथले लोक एवढे का उलटले?"

मी २००९ साली पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन आलो, टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतो. ही हवा फिरताना घरात बसून पाहिली आहे. त्यात माझाही थोडा हात आहे, ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज. इथलं स्वागत नुसत्या मोठ्या मनाचं कधीच नव्हतं. १९६७ पासून गुणपद्धत आहे. शिक्षण, वय, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून सरकार माणूस निवडून घेणार. शिवाय जमिनीवरचा शेजारी म्हणण्यासारखा एकच, अमेरिका. दारात कोण उभं आहे ते सरकारला ठाऊक, म्हणून आतले निर्धास्त.

ही निवड सरकारच्या हातून निसटली आणि तिथे सगळं बिनसलं. ओंटारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी उतरवून गोठवली. कॉलेजांनी ती खोट कुठून भरून काढली? कित्येक पट फी भरणाऱ्या परदेशी मुलांकडून, त्यातही मुख्यतः भारतातल्या. कोव्हिडनंतर दुकानदार, हॉटेलवाले कामाला माणसं मिळत नाहीत म्हणून ओरडत होते, तेव्हा केंद्र सरकारने या परदेशी मुलांच्या कामाच्या तासांवरची मर्यादाही उठवली. कोण यायचं हे आता कॉलेजचे एजंट आणि मालक ठरवू लागले. २०२३ या एका वर्षात लोकसंख्या सुमारे १२.७ लाखांनी वाढली. त्यात पीआरवाले पावणेपाच लाखांच्या आत. उरलेले जवळजवळ सगळे तात्पुरत्या परवान्यावर. घरं काही त्या वेगाने उभी राहिली नाहीत.

एन्व्हायरॉनिक्स या संस्थेच्या जनमत पाहणीत "फार लोक येताहेत" म्हणणारे २०२२ मध्ये २७ टक्के होते, २०२४ मध्ये ५८. मग तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांच्या ज्या सरकारने दार उघडलं त्यानेच ते ओढून घेतलं: जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा, ऑक्टोबरमध्ये २०२५ साठीचं पीआरचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर.

हे सगळं गोऱ्यांचा वर्णद्वेष म्हणून सोडून देऊ नका. द्वेष आहे, आणि पगडीवाल्या पोरांना तो जास्त सोसावा लागतो. पण सर्वांत तिखट बोलणी मी आपल्याच गणपतीत ऐकली, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आलेल्यांकडून. "आम्ही गुण मिळवून आलो, हे फी भरून आले." विरार लोकलमध्ये पाय ठेवेपर्यंत "आत सरका", आणि ठेवला की "जागा नाही", तसलंच ते.

आता माझा हात. माझ्या बेसमेंटमध्ये दोन खोल्या आहेत. २०२२-२३ मध्ये तिथे चार मुलं राहत होती आणि भाडं मी दोनदा वाढवलं. मागणीच तेवढी होती. गल्लीत कचऱ्याचे डबे भरून वाहतात, गाड्या लावायला जागा नाही, अशा तक्रारी शेजारी करायचे, आणि मीही त्यांच्या सुरात सूर मिसळायचो. गेल्या वर्षी मुलं गेली. बेसमेंट दोन महिने रिकामं होतं, शेवटी पूर्वीपेक्षा कमी भाड्यात एका कुटुंबाला दिलं. शेजारी खूश आहेत. माझा घराच्या कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच आहे.