नदीकाठी पहिला मुक्काम

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या सागाच्या रानात, नदीकाठी तंबू ठोकायचा म्हणताय, जरूर जा. फक्त अगदी पाण्याला लागून नको. सगळे नवखे हेच करतात, मीही केलं होतं. रात्री थंड हवा उताराने नदीच्या पात्रात उतरते. डिसेंबरात पहाटे तंबू आतून ओला आणि आपले दात कडकड! काठापासून निदान 60 मीटर लांब, जरा उंचावर जागा बघा. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते गावात विचारून ठेवा.

बाकी थोडक्यात:
- वन खात्याची परवानगी आधीच घ्या. उजेडातच पोहोचा.
- अंगाखाली जाड मॅट हवीच. गारठा खालूनच चढतो.
- सागाचा वाळका पाचोळा भुर्रकन पेटतो. शेकोटी नको, छोटा गॅस पुरे.

महागड्या स्लीपिंग बॅगेची घाई नको, घरची गोधडी चालते. टॉर्च मात्र दोन न्या.