गुडघ्यातलं कास्टिंग, पोटातलं कापड आणि घोसाळ्याची जाळी

मागच्या अंकात सांधेदुखीवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप नुसते येतच राहिलेत. सगळ्यांना पुरायला पान नाही, चार घेतलेत. आणि मी डॉक्टर नव्हे हां, इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवत आलोय, तेव्हा गोळी कुठली घेऊ ते मला विचारू नका.

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत वीस वर्षं मोल्डिंगला आहे. आईचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरलंय, डॉक्टर म्हणाले कोबाल्ट क्रोमचे बसवू. आमच्याकडं स्टेनलेसचं कास्टिंगसुद्धा पावसात यार्डात पडलं की डाग धरतंय, मग आत रक्तामासात हे गंजत नाही काय? आणि किती वर्षं चालतंय?

उत्तर: दादा, हा तर तुमच्याच धंद्यातला माल. मांडीच्या हाडावर टोपीसारखा बसतो तो भाग बहुतेक वेळा इन्व्हेस्टमेंट कास्टिंगच असतो. मेणाचा पॅटर्न करायचा, त्यावर सिरॅमिक स्लरीचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं आणि मग धातू ओतायचा. फरक एवढाच की तुमच्याकडं ब्लोहोल (आत अडकलेल्या हवेचं भोक) दिसला तर वेल्ड मारून ग्राइंड करून डिस्पॅच होतंय (नाही म्हणू नका, मी बघितलंय) आणि इथं कास्टिंगचा एक्स-रे निघतो.

गंजाचं म्हणाल तर कोबाल्टमध्ये साधारण 28 टक्के क्रोमियम आणि 6 टक्के मॉलिब्डेनम असतंय. क्रोमियमचा हवेशी संबंध आला की वर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, डोळ्याला दिसणारच नाही इतका पातळ, आणि ओरखडा पडला तरी तो परत आपोआप धरतो. तुमच्या यार्डातल्या स्टेनलेसवरचा डाग बरेचदा शेजारच्या साध्या लोखंडाच्या भुकटीचा असतो, बिचाऱ्या स्टेनलेसला उगाच बोल लागतो. शरीरात खारट पाणी आहे, 37 डिग्री आहे, धातूला तशी वाईटच जागा, पण हा पापुद्रा तिथंही टिकतो.

गंजापेक्षा भीती घासण्याची. दोन धातूंच्या मध्ये एक पांढरी प्लॅस्टिकची चकती असते, पॉलिथिनच, पण पिशवीच्या पॉलिथिनपेक्षा कितीतरी पट लांब साखळ्यांचं. याच्यामागं एक किस्सा आहे. इंग्लंडात जॉन चार्नली म्हणून सर्जन होते, त्यांनी आधी खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉन घातलं, तव्याला असतं तेच, गुळगुळीत म्हणून. ते दोनचार वर्षांतच झिजलं आणि त्याच्या भुकटीनं पेशंटच्या सांध्यात गाठी झाल्या. गड्यानं काय करावं, टेफ्लॉनची आणि पॉलिथिनची बारीक पूड स्वतःच्याच मांडीत घालून घेतली. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिथिनच्या जागी विशेष काही नाही. 1962 पासून खुब्यात पॉलिथिन आलं आणि गुडघेवाल्यांनीही पुढं तेच उचललं. तरी झीज थोडी होतेच, आपल्या पांढऱ्या पेशी ती भुकटी गिळतात पण पचवता येत नाही, मग त्या चिडून आजूबाजूचं हाड खायला लावतात आणि गुडघा सैल होतो. त्याला वेळ लागतो म्हणा, 20 वर्षं चाललेले गुडघे भरपूर आहेत. आईला मांडी घालून भाकऱ्या थापायची सवय असेल तर ती मात्र सोडवा.

आणि बिल बघून घ्या. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, कोबाल्ट क्रोमचा तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी होता. डब्यावरचं स्टिकर फाइलला चिकटवतात, त्यावर लॉट नंबर असतो. तुम्ही भट्टीच्या एकेका ओतीला देता त्या हीट नंबरसारखाच की, फोटो काढून ठेवा.

प्रश्न: निपाणीहून लिहितोय. पोराच्या मांडीत रॉड घातलाय, हाड जुळलं. आता काढायचा की राहू द्यायचा? ट्रॅक्टरवर बसला की दुखतंय म्हणतो.

उत्तर: हे तुमच्या सर्जननंच सांगायचं, पण काढा का म्हणतात तेवढं सांगतो. स्टील हाडाच्या दहाएक पट ताठ असतंय, टायटॅनियम त्याच्या निम्मं. ताठ गडी सगळं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतो, मग हाडाला कामच राहत नाही आणि बिनकामाचं हाड बारीक होत जातं. काही जणांचा जन्मभर राहतो, काही बिघडत नाही. दुखतंय तर नवीन एक्स-रे घेऊन जावा.

प्रश्न: वडगावात आमच्या तीन पिढ्या मागावर. भावजींच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, तिथं कापडाची नळी शिवली म्हणाले. आम्हाला वाटलं डॉक्टर चेष्टा करतोय.

उत्तर: चेष्टा नव्हे हो. तो पॉलिएस्टरचा धागा, डेक्रॉन. तुम्ही साडीत वापरता त्याच घराण्यातला. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी 1950 च्या दशकात दुकानात नायलॉनचं कापड घ्यायला गेले, ते संपलेलं, म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या! स्वेटरसारखी विणलेली आणि मागावरची असे दोन्ही प्रकार निघाले आणि भांडण तुमच्या ओळखीचंच: मागावरचं घट्ट, गळत नाही पण शिवताना कडेनं उसवतं, विणलेलं मऊ, सुईला बरं पण रक्त गळतं. म्हणून सर्जन विणलेली नळी आधी पेशंटच्याच रक्तात भिजवून घ्यायचे, रक्त गोठून भोकं बुजली की मग बसवायची. आता कंपनीतूनच कोलॅजन (शरीरातलं एक चिवट प्रथिन) नाहीतर जिलेटिन लावून येते.

फक्त मोठ्या वाहिनीला चालतं हे. 6 मिलिमीटरच्या आतल्या कापडी नळीत रक्त गोठून बसतं, म्हणूनच हृदयाच्या बायपासला अजून पायाची शीर काढून लावतात. ती बारीक नळी ज्याला जमेल त्याला पैसा मोजायला माणसं ठेवावी लागतील.

प्रश्न: खानापूर तालुक्यातून. धाकटा भाऊ 34 वर्षांचा, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बेळगावला नेतो. मी किडनी द्यायला तयार आहे, पण सासरचे म्हणतात थांब, मोबाईलवर दाखवायलेत की आता मशीनवर किडनी छापतात, दोन वर्षांत येईल. थांबू काय?

उत्तर: नको अक्का, थांबू नका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

तुम्ही बघितलेली रील बहुतेक 2011 सालच्या एका अमेरिकेतल्या भाषणाची असणार, डॉक्टर अँथनी अटाला यांच्या. तिथं प्रिंटरनं किडनीच्या आकाराचा गोळा केला होता. आकार किडनीचा, काम काही नाही. पण याच अटालांनी खरं कामही केलंय बरं का, सात पोरांना त्यांच्याच पेशी वाढवून केलेली मूत्राशयं बसवली, ते 2006 मध्ये छापून आलं. मग मूत्राशय जमतं आणि किडनी का नाही? मूत्राशय ही पातळ पिशवी. पेशीला रक्ताच्या बारीक वाहिनीपासून साधारण 100 ते 200 मायक्रॉनच्या आत राहावं लागतं, म्हणजे एकदोन केसांच्या जाडीएवढं, नाहीतर ती गुदमरून मरते. पिशवीला बाजूनं रक्त मिळून जातं. किडनी भरीव आहे, एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या आणि प्रत्येकीला स्वतःचा रक्ताचा झुबका. पेशी लाखांनी वाढवता येतात, त्यांच्यापर्यंत नळ कसा न्यायचा तिथं गाडी अडलीय.

परसात वेलीवर घोसाळं तसंच राहिलं की वाळून खडखडतं बघा, साल काढून बिया झटकल्या की हातात नुसती जाळी, अंग घासायची. शास्त्रज्ञ असंच करायलेत. मेलेल्या प्राण्याचा अवयव साबणासारख्या पाण्यानं आतून धुवायचा, पेशी सगळ्या वाहून जातात आणि कोलॅजनची फिकी जाळी राहते, रक्ताच्या वाटांसकट. 2008 मध्ये मिनेसोटात उंदराच्या हृदयाची अशी जाळी करून नव्या पेशी भरल्या, आठव्या दिवशी ते थोडंफार पंप करायला लागलं. जोर किती, तर पूर्ण वाढलेल्या उंदराच्या हृदयाच्या साधारण 2 टक्के. 2024 च्या मार्चमध्ये बोस्टनला जनुकं बदललेल्या डुकराची किडनी 62 वर्षांच्या माणसाला बसवली, ती चालली, पण दोनेक महिन्यांत माणूस गेला, किडनीमुळं गेला असं काही डॉक्टरांना दिसलं नाही. आणि घाई केली की काय होतं तेही झालंय. स्टॉकहोममध्ये 2011 पासून तीन जणांना प्लॅस्टिकच्या नळीवर पेशी लावून श्वासनलिका बसवली, तिघंही दगावले आणि त्या सर्जनला 2023 मध्ये शिक्षा लागली.

भाऊ डायलिसिसवर जितकी वर्षं काढेल तितकी हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची झीज होणार. सख्खी बहीण कायद्यात जवळची नातेवाईक धरतात, परक्या दात्यासारखी मोठी चौकशी नसते. आधी तुमच्याच तपासण्या होतील, रक्तगट, क्रॉसमॅच (तुमचं आणि भावाचं रक्त एकमेकांशी जमतं का), दोन्ही किडन्या नीट आहेत का, साखर, बीपी, आणि काही खटकलं तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतील. जुळलं नाही तर ब्रेन डेड दात्याच्या यादीत भावाचं नाव घाला, कर्नाटकात ते काम जीवसार्थकथे ही संस्था बघते. महाराष्ट्रातही नाव घालता येईल का असं आपल्याकडं सगळेच विचारतात. 2023 मध्ये केंद्रानं राज्यांना डोमिसाईलची (त्याच राज्याचा रहिवासी असण्याची) अट काढायला सांगितलंय, तेव्हा कोल्हापूर-पुण्याच्या हॉस्पिटलात नुसतं पत्त्यावरून परत पाठवलं तर तो मुद्दा त्यांच्यासमोर ठेवा. पण पहिल्यांदा पुढच्या डायलिसिसच्या दिवशी भावाबरोबर जावा आणि ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर कुठं बसतो ते विचारा, आधार कार्ड आणि भावाची फाइल बरोबर ठेवा, सासूबाईंनाही न्या.