आपले प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : अपुऱ्या दिवसांच्या नातवाला ‘आरएसव्ही’चे इंजेक्शन

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये असतात. मुलीची प्रसूती तिसाव्या आठवड्यातच झाली आणि नातवाला सहा आठवडे काचेत ठेवावे लागले. आता त्याचे वजन सव्वादोन किलो झाले असून, घरी सोडण्यापूर्वी ‘आरएसव्ही’ या विषाणूविरुद्ध त्याला एक इंजेक्शन द्यायचे आहे असे तेथील डॉक्टर म्हणतात. मुलीने याच रोगाची लस प्रसूतीच्या आठवडाभर आधी घेतली होती, मग बाळाला पुन्हा इंजेक्शन कशासाठी? तिच्या मैत्रिणीच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी अशी पाच इंजेक्शने दर महिन्याला दिली होती, आता एकच पुरते म्हणतात, हेही कोडेच आहे. शिवाय या विषाणूच्या लसीने पूर्वी मुले दगावली होती असे जावयांच्या वाचनात आल्याने त्यांनी अजून संमती दिलेली नाही. एवढ्याशा जिवाला हे द्यावे का?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आपल्या जावयांनी वाचले ते खोटे नाही, परंतु ते ज्या औषधाविषयी आहे ते हे औषध नव्हे. म्हणून आधी या इंजेक्शनात काय असते ते सांगते.

लस शरीराला शत्रूची ओळख करून देते आणि मग शरीर स्वतः प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला पकडून निकामी करणारी प्रथिने, तयार करते. या इंजेक्शनात प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडेच असतात. बाळाच्या शरीराला काही शिकावे लागत नाही आणि संरक्षण लगेच सुरू होते, मात्र ही प्रतिकारशक्ती उसनी असल्याने काही महिन्यांत ओसरते. पूर्ण दिवसांच्या बाळाला अशी शिदोरी आई पोटातच बांधून देते, कारण आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. आपला नातू ती बांधून होण्यापूर्वीच निघाला. मुलीने लस घेतली हे योग्यच केले, पण तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन बाळापर्यंत पोहोचायला किमान दोन आठवडे लागतात, आणि येथे मध्ये एकच आठवडा गेला. इंग्लंडमध्ये गरोदर स्त्रियांना ही लस सप्टेंबर 2024 पासून अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दिली जाते, आणि बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांसाठी 2025 च्या हिवाळ्यापासून हे नवे इंजेक्शन ठेवले आहे. आपला नातू नेमका त्या गटातला आहे.

मोठ्या माणसाला आरएसव्ही झाला तर चार दिवस नाक वाहते आणि आपण त्याला सर्दी म्हणून सोडून देतो. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिका मात्र मुळातच इतक्या अरुंद असतात, की थोडी सूज आणि थोडा चिकट स्राव एवढ्यानेही त्या बुजतात. मग बाळाचे पोट उडू लागते, दोन बरगड्यांमध्ये खळगा पडतो, आणि दूध ओढताना ते दर दोन घोटांनी थांबते. अगदी लहान अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर कधी खोकलाही न येता श्वास मध्येच काही क्षण थांबतो, आणि आम्हा डॉक्टरांना या आजारात सर्वांत धास्ती वाटते ती त्याची.

आता एक आणि पाच यांचा हिशेब. जुने औषध पालिविझुमॅब. त्याला अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळाली. त्याच्या मुख्य चाचणीत अपुऱ्या दिवसांची किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेली 1502 बालके होती, आणि आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात 10.6 टक्के, तर औषध मिळालेल्या गटात 4.8 टक्के आढळले. उपयोग होता, परंतु हे औषध शरीरातून साधारण तीन आठवड्यांत निम्मे होई, म्हणून हिवाळा संपेपर्यंत दर महिन्याला बाळाला घेऊन रुग्णालयाची पायरी चढावी लागे. खर्चामुळे ते सर्वाधिक धोक्याच्या मोजक्या बाळांनाच दिले जाई. नवे औषध निरसेविमॅब. त्याच्या रेणूत केलेल्या एका छोट्या बदलामुळे ते निम्मे व्हायला सुमारे सत्तर दिवस लागतात आणि एका डोसात निदान पाच महिने निभावतात. पाच किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाला 50 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिलिटर, मांडीत टोचतात. एकोणतीस ते चौतीस आठवड्यांच्या बाळांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 78 टक्क्यांनी घटले होते.

जावयांना जे घाबरवते ती गोष्ट 1966 सालच्या सुमाराची आहे. अमेरिकेत फॉर्मॅलिन या रसायनाने निष्प्रभ केलेल्या विषाणूची लस काही बालकांना दिली गेली. पुढच्या हिवाळ्यात त्यांना खरा संसर्ग झाला तेव्हा एका गटातील संसर्ग झालेल्यांपैकी 80 टक्के मुलांना दाखल करावे लागले आणि दोघे दगावले. लस न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांचा आजार अधिक उग्र होता, आणि या धक्क्याने संशोधन कित्येक वर्षे मागे पडले. या विषाणूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. पेशीत शिरण्यापूर्वी त्याचा आकार एक असतो आणि शिरताना दुसरा होतो, उघडलेली छत्री आणि मिटलेली छत्री यांत असतो तसा फरक. त्या लसीने शरीराला मिटलेली छत्री दाखवली, त्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला चिकटत, पण त्याला अडवू शकत नसत, आणि शरीराची प्रतिक्रिया मात्र भलतीच भडके. उघड्या छत्रीचा आकार 2013 साली शास्त्रज्ञ जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका दाखवून दिला. निरसेविमॅब त्याच आकाराला पकडून विषाणूला पेशीच्या दाराबाहेरच थोपवते. ते शरीराला चुकीचे काही शिकवत नाही, कारण ते शिकवतच नाही, आणि औषध दिलेल्या मुलांना पुढच्या हिवाळ्यात अधिक उग्र आजार झाल्याचे चाचण्यांत आढळलेले नाही. जावयांनी प्रश्न विचारला याचे मला कौतुकच वाटते, पण या उत्तरानंतर संमती अडवून ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्रास म्हणाल तर शेकडा एकाहूनही कमी बाळांना पुरळ येते, कधी टोचल्याजागी दुखते किंवा ताप येतो. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, तरी इंजेक्शननंतर बाळावर थोडा वेळ लक्ष ठेवतात ते त्यासाठीच. नेहमीच्या लसी याच्यासोबत देता येतात. आणि आपण नातवाला भेटायला जाणार असाल तर एक सांगते, नाक वाहत असेल त्या दिवसांत त्याला मांडीवर घेण्याचा मोह आवरा. हे इंजेक्शन एकाच विषाणूपुरते आहे, बाकीच्या सर्द्यांना ते अडवत नाही.

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांची आहे, पूर्ण दिवसांची. तिच्या हृदयाला छोटे छिद्र आहे, औषध काही चालू नाही, वजन चांगले वाढते. तिलाही हे इंजेक्शन मिळवावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण लिहिता तसे असेल तर केवळ या छिद्रामुळे तिची गणना अतिधोक्याच्या बाळांत होत नाही. दूध पिताना घाम येणे, वजन न वाढणे, हृदयासाठी औषधे सुरू असणे किंवा शस्त्रक्रियेची वाट पाहणे, यांपैकी काही असते तर मी वेगळे उत्तर दिले असते. तरीही हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात हे इंजेक्शन नाही, आणि याची मला खंत आहे. या विषाणूने 2019 साली जगभरात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले गेली आणि त्यांतली 97 टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. आपल्या मेळघाटात ‘महान’ संस्थेने गावोगावी जाऊन केलेल्या अभ्यासात रुग्णालयाबाहेर, घरीच होणारे असे मृत्यूही नोंदले गेले. म्हणून इंजेक्शन मिळो वा न मिळो, सर्दी झालेली मुलगी शांत झोपलेली असताना तिचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांनंतरच्या बाळात ते पन्नास किंवा अधिक भरले, बरगड्यांमध्ये खळगा पडू लागला, नाकपुड्या फुलू लागल्या किंवा दूध निम्म्यावर आले, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.