वाचकांचे प्रश्न : घरी धुतलेला कृष्णधवल रोल

सुटीच्या दिवशी फिरताना कृष्णधवल फोटो काढायचे आणि रोल घरीच धुवायचा, म्हणजे बंद टाकीत रसायनं घालून चित्र उमटवायचं, असं करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी सगळ्यांत जास्त आहेत. उत्तरांत जिथे वेळा दिल्या आहेत तिथे 35 मिमीची इल्फर्ड एचपी5 प्लस ही 400 वेगाची (वेग म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील याचा आकडा) फिल्म आणि आयडी-11 हा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, धरला आहे. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर पद्धत तीच ठेवा, आकडे मात्र त्या फिल्मच्या तक्त्यातून घ्या.

प्रश्न : दिवसभर फिरून 36 फोटो काढले. रोल धुतला तर एकही चित्र नाही, नुसती पारदर्शक पट्टी. चूक कॅमेऱ्यात झाली की टाकीत?

पट्टी फेकली नसेल तर खिडकीसमोर धरा आणि चित्रांच्या जागेऐवजी कडेला, भोकांच्या बाहेरच्या बाजूला बघा. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे दिसतात का? ते शाईने छापलेले नसतात. कारखान्यातच कडेवर प्रकाश टाकून ते नोंदवलेले असतात आणि डेव्हलपर लागेपर्यंत दिसत नाहीत. म्हणजे तुम्ही एकही फोटो काढला नाही तरी रोलवर धुण्यासारखं काहीतरी आधीपासून असतंच, आणि त्याचं एक्स्पोजर (फिल्मला मिळालेला प्रकाश) कॅमेऱ्यावर अवलंबून नसतं. म्हणून चूक कुठे झाली हे आधी कड सांगते.

आकडे ठसठशीत काळे असतील तर डेव्हलपरने काम चोख केलं आहे. मग एक तर फिल्म पुढे सरकलीच नाही, किंवा शटर उघडलं नाही, किंवा भिंगावरचं झाकण तसंच राहिलं. बहुतेक वेळा पहिलं कारण निघतं : फिल्मची जीभ कॅमेऱ्यातल्या गुंडाळणाऱ्या रिळावरून निसटते, फोटोंचा आकडा पुढे जात राहतो आणि फिल्म डबीतच बसून राहते. कडही कोरी असेल तर दोष टाकीतला. डेव्हलपर मेलेला होता, नाहीतर बाटल्यांची अदलाबदल होऊन आधी फिक्सर, म्हणजे उरलेलं क्षार काढून चित्र पक्कं करणारं रसायन, गेला. फिक्सर आधी गेला तर चित्र घडवणारं चांदीचं क्षारच विरघळून जातं. त्यातून पुढे काहीही परत मिळत नाही.

फिकट निगेटिव्हलाही हीच कसोटी लावा. आकडे गडद, पण चित्रातल्या सावल्या काचेसारख्या रिकाम्या असतील तर एक्स्पोजर कमी पडलं. आकडेसुद्धा फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी पडलं : वेळ कमी, पाणी थंड किंवा डेव्हलपर जुना. आणि पट्टी कडेपर्यंत पूर्ण काळी असेल तर तिला प्रकाश लागला आहे. प्लॅस्टिकच्या टाकीत याचं नेहमीचं कारण म्हणजे फिल्म ज्यावर गुंडाळतात त्या रिळाच्या मधून जाणारी काळी नळी बसवायची राहणं. झाकण कितीही घट्ट लावा, ती नळी नसेल तर द्रव ओतायच्या वाटेनेच उजेड आत जातो.

दोन सवयी लावून घ्या. फिल्म घालून कॅमेऱ्याचं पाठचं झाकण लावलं की रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून ढिलाई काढा, आणि पुढच्या प्रत्येक फोटोला फिल्म ओढताना ती मूठ उलटी फिरते ना हे बघा. फिरत नसेल तर तिथेच थांबा. दुसरी सवय डेव्हलपरची. रोलच्या जिभेचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात बुडवा. काही मिनिटांत तो काळा पडला पाहिजे. नाही पडला तर त्या बाटलीवर रोल सोपवू नका.

प्रश्न : पहिल्यांदाच रोल धुणार आहे. नेमकं किती, कशात आणि किती वेळ?

सुरुवात पावडरपासून. आयडी-11 दोन पाकिटांत येतो. सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आधी पहिलं पाकीट पूर्ण विरघळवा, मग दुसरं. अर्धी पावडर आज आणि अर्धी पुढच्या महिन्यात, असं करू नका. पाकिटातले घटक सगळीकडे सारखे मिसळलेले नसतात आणि अर्ध्या भागात काय आलं हे कळायला मार्ग नसतो. तयार द्रावण काठोकाठ भरलेल्या घट्ट बाटलीत 6 महिने टिकतं. बाटली अर्धी झाली की महिनाभरच धरा, कारण वरची हवा त्याला खाते. म्हणून एका मोठ्या बाटलीपेक्षा छोट्या चार बऱ्या.

टाकीच्या तळाशी किती द्रव लागतो ते लिहिलेलं असतं. 35 मिमीच्या एका रोलला बहुतेक टाक्यांत 290 ते 300 मिलिलिटर पुरतं. 150 मिलिलिटर द्रावण आणि तेवढंच पाणी मिसळून 20 अंशांवर आणा. या 1+1 प्रमाणाला वेळ 13 मिनिटं. हे मिश्रण एकदाच वापरायचं आणि टाकायचं.

अंधारात रीळ भरून टाकी बंद झाली की पुढचं सगळं उजेडात. डेव्हलपर भराभर ओता, झाकण लावा, टाकी ओट्यावर दोनतीनदा आपटा आणि पहिल्या 10 सेकंदांत 4 वेळा उलटीसुलटी करा. त्यानंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला 10 सेकंदांत पुन्हा 4 वेळा. प्रत्येक वेळी थोडं मनगट वळवा, म्हणजे द्रव एकाच वाटेने धावत नाही. उत्साहाच्या भरात सतत हलवत राहिलात तर भोकांतून जोराने येणारा द्रव कडेला जास्त काम करतो आणि आभाळात भोकांच्या अंतराने पट्टे उठतात. शेवटची 10 सेकंदं ओतून काढण्यासाठी ठेवा.

स्टॉप बाथला (डेव्हलपरचं काम थांबवणारा द्रव) अर्धा मिनिट पुरे. फिक्सर जलद प्रकारचा असेल तर 60 मिलिलिटर फिक्सर आणि 240 मिलिलिटर पाणी, 5 मिनिटं, तसंच हलवत. धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही. टाकी त्याच तापमानाच्या पाण्याने भरा, 5 वेळा उलटीसुलटी करा, ओता. पुन्हा भरा, 10 वेळा. पुन्हा भरा, 20 वेळा. हे फिल्म कडक न करणाऱ्या फिक्सरला लागू आहे. फिल्म कडक करणारा फिक्सर वापरला असेल तर वाहत्या पाण्यात जास्त वेळ धुवावं लागतं.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या आणि त्यात वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब फिल्मवर न राहू देणारा द्रव) 1+200, म्हणजे 300 मिलिलिटरला दीड मिलिलिटर. बाटलीचं बूच वाकडं करून अंदाजाने ओतलेलं जवळजवळ नेहमीच जास्त होतं आणि वाळल्यावर फिल्मवर पातळ चिकट थर राहतो. थेंब मोजणारी पिचकारी वापरा. मग रोल न्हाणीघरात टांगा, खाली चिमट्याचं वजन द्या आणि दार लावून दोनतीन तास तिकडे फिरकू नका. ओल्या फिल्मवर बसलेली धूळ वाळल्यावर तिथेच रुतते.

प्रश्न : आमच्या नळाचं पाणी 29 अंशांचं असतं. 20 अंश कसे गाठायचे?

20 चा हट्ट सोडा, 24 धरा. घमेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फ केलेल्या बंद बाटल्या ठेवा आणि डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, धुण्याचं पाणी, सगळी भांडी त्यातच उभी करा. बर्फाचा खडा द्रावणात टाकलात तर प्रमाण बिघडेल. 24 अंशांना वेळ सुमारे 30 टक्क्यांनी घटते. 13 मिनिटांची जवळपास 9 होतात. पाणी न मिसळलेल्या द्रावणाची 20 अंशांची वेळ साडेसात मिनिटं आहे. ती 24 ला सव्वापाचवर येते आणि इतक्या कमी वेळात ओतण्या-काढण्यातला फरकही आभाळात डाग म्हणून दिसू लागतो. उन्हाळ्यात 1+1 च बरं, ते यासाठी.

प्रश्न : निगेटिव्हवर दोन प्रकारचे डाग आहेत : बारीक गोल फिके ठिपके आणि नखाच्या चंद्रकोरीसारख्या काळ्या खुणा.

गोल ठिपके हवेच्या बुडबुड्यांचे. जिथे बुडबुडा चिकटला तिथे डेव्हलपर पोहोचला नाही. टाकी आपटायची ती यासाठीच.

चंद्रकोरी मात्र रीळ भरताना उठतात. फिल्म अडकते, आपण जोर लावतो, ती बोटांखाली मुडपते आणि त्या मुरडीवर डेव्हलपिंगमध्ये कोर उमटते. तेव्हा मूळ प्रश्न फिल्म का अडकते हा आहे. प्लॅस्टिकच्या रिळाच्या खाचेत पाण्याचा एक थेंब राहिला असला तरी फिल्म तिथे चिकटून बसते. चेंजिंग बॅगेत (उजेड न शिरणाऱ्या, बाह्यांतून हात घालायच्या पिशवीत) दहा मिनिटं हात राहिले की घामाचाही तोच परिणाम होतो. रीळ आदल्या दिवशी धुऊन पूर्ण कोरडं ठेवा. फिल्मचं टोक दोन भोकांच्या मधून सरळ कापा आणि त्याचे दोन्ही कोपरे कात्रीने जरा गोल करा. टोकदार कोपरा खाचेत रुततो. अडकलीच तर ओढाताण नको. रीळ आणि फिल्म तशीच टाकीत ठेवा, मधली नळी घाला, झाकण लावा, हात बाहेर काढून कोरडे करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. रोलला घाई नसते.

प्रश्न : डोंगरमाथ्यावरून काढलेल्या फोटोंत आभाळ सपाट पांढरं आणि जमीन काळी येते.

हे दोन वेगळे दोष आहेत. चौकटीत अर्धं आभाळ असलं की प्रकाश मोजणारा मीटर त्याच्या उजेडाला भुलतो आणि जमिनीला एक्स्पोजर कमी मिळतं. कॅमेरा खाली झुकवा, आभाळ चौकटीबाहेर गेलं की वाचन घ्या, ते पक्कं करा आणि मग रचना साधा. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश मात्र सोसत नाही. जे सावलीत नोंदलंच नाही ते कोणताही डेव्हलपर आणून देत नाही. मीटर नसेल तर लख्ख उन्हात शटर 1/500 सेकंद आणि भिंगाचं छिद्र एफ/16, ढगाळ हवेत एफ/8.

पांढऱ्या आभाळाचं कारण फिल्मची निळ्या रंगाची संवेदनशीलता. पिवळा फिल्टर निळं अडवतो आणि ढग उठून दिसतात. त्याला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्या, नारिंगीला दोन, लालला तीन. फिरताना एकच फिल्टर न्यायचा तर पिवळाच घ्या. आभाळ करडं असेल तर मात्र कोणताही फिल्टर काही करू शकत नाही. अडवायला तिथे निळं नसतंच.

प्रश्न : संध्याकाळ झाली म्हणून शेवटचे दहा फोटो 1600 वर, म्हणजे फिल्म 1600 वेगाची आहे असं धरून, काढले. आता रोल कसा धुवू?

सगळा रोल एकाच टाकीत जातो, त्यामुळे कोणते फोटो महत्त्वाचे ते तुम्हीच ठरवा. शेवटचे दहा हवेत तर पाणी न मिसळलेल्या आयडी-11 मध्ये 20 अंशांवर 14 मिनिटं. आधीचे फोटो दाट होतील, पण वापरता येतील. मधला मार्ग 800 चा, साडेदहा मिनिटं. पुढच्या वेळी दुसरा रोल जवळ ठेवा आणि 1600 वर काढायचे सगळे त्यावरच काढा.

प्रश्न : फिक्सर किती रोल चालतो, आणि संपल्यावर काय करायचं?

1+4 प्रमाणाच्या एक लिटरला साधारण 24 रोल, पण मोजदादीपेक्षा चाचणी भरवशाची. जिभेच्या तुकड्यावर फिक्सरचा एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, मग सगळा तुकडा फिक्सरमध्ये बुडवून घड्याळ लावा. आधी थेंबाची पारदर्शक टिकली दुधाळ तुकड्यावर स्पष्ट दिसते. हळूहळू भोवतालचा भाग निवळतो आणि टिकली दिसेनाशी होते. तो क्षण म्हणजे निवळण्याची वेळ. फिल्मला कमीत कमी त्याच्या दुप्पट फिक्सर द्या. ताज्या फिक्सरची वेळ बाटलीवर लिहून ठेवा. ती दुप्पट झाली की बाटली संपली. धुतलेली पट्टी दुधाळ दिसली तर घाबरू नका, ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घालून तशीच धुवा.

संपलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक आहे, म्हणून तो मोरीत ओतू नका. वेगळ्या डब्यात साठवा, डब्यावर नाव लिहा आणि चांदी काढून घेणाऱ्यांकडे किंवा घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. डेव्हलपर हाताळताना हातमोजे घाला. त्यातल्या मेटॉल या रसायनाने काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी होते. यासाठी घेतलेला मापाचा पेला पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.